चैत्रात तापलेली व्हॅन

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे गाडी तापायला लागली की ते सगळ्यात आधी मला बसल्या जागी कळतं, समोरच्या काट्याला मागाहून. हे सांगितलं की बायका हसतात. हसू देत. शाळेच्या मुलांची ने-आण करून मी घर चालवते, आणि बसल्या जागी चटका बसला म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय हे मला त्या हसणाऱ्या बायकांपेक्षा बरं कळतं.

व्हॅन मुळात माझी नव्हे, आमच्या ह्यांची. हे ट्रकवर होते. हैदराबाद, विजापूर, कधी थेट हुबळीच्या पुढं. पन्नाशी आली तेव्हा म्हणाले, बास झाली ही ओढाताण, आता दुपारी घरी जेवायला येता येईल असं काहीतरी करतो. एक जुनी व्हॅन घेतली, तिला पिवळा रंग दिला, शाळेचा परवाना काढला. वर्षभर सगळं सुरळीत चाललं आणि एका सकाळी आंघोळीला गेलेला माणूस न्हाणीत खाली बसला तो उठेचना. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. पाय काठीच्या आधारापुरता परत आला. बोलणंही आलं, पण एकेक शब्द आडातनं पोहरा ओढावा तसा वर येतो, आणि मधेच दोर सुटला की पुन्हा पहिल्यापासून.

मैंदर्गीहून माझा भाऊ आला आणि व्हॅन विकून टाक म्हणून सांगून गेला. मी तोवर स्कूटीच्या पुढं काही चालवलं नव्हतं. भावाला चहा पाजला, बस स्टँडवर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याकडं नाव घातलं. कुणी एखादी गोष्ट करू नको म्हटलं की तीच करायची, ही माझी लहानपणापासूनची खोड. आई म्हणायची, हिला विहिरीत उडी मारू नको असं कुणी सांगू नका. पण खोड बाजूला ठेवली तरी दुसरा मार्ग काय होता? व्हॅन विकून काही महिने बसून खाल्लं असतं. त्यानंतर?

मला गाडी शिकवली ती खरं तर ह्यांनीच, शेजारी बसून, डाव्या हाताच्या खुणांनी. गिअर शिकवायच्या आधी त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. सीट उचलली, इंजिनाच्या पुढ्यातलं रेडिएटरचं झाकण दाखवलं आणि बोट हलवून कितीतरी वेळ नको, नको केलं. गरम गाडीचं हे झाकण उघडायचं नाही. शिट्टी न काढता कुकर उघडला तर जे होईल तेच इथं होतं. ते मी मनात पक्कं धरलं. बाकीचं हळूहळू आलं.

सोलापूरचा उन्हाळा होळीसाठी थांबत नाही, ती यायच्या आधीच सुरू होतो. चैत्रापर्यंत शाळा सकाळची होते आणि सुटते ती भर दुपारच्या उन्हात. अशा एका दुपारी आसरा पुलावर मुलांनी भरलेली व्हॅन घेऊन मी अडकले. पुढं कुणाची तरी ट्रॉली बंद पडली होती. आधी सीट तापली. मग काटा वर चढायला लागला, लाल रेघेला टेकला, आणि खालून फस्स करून वाफ आली. गाडी बंद केली, मुलांना एकेक करून फुटपाथच्या बाजूनं उतरवलं. रस्त्यावरच्या दोघातिघांनी व्हॅन ढकलून पूल उतरवून दिली आणि कडुनिंबाखाली लावली. त्यातल्याच एकाला उपकाराची जरा जास्तच हौस. त्यानं सीट उचलून झाकणाला हात घातला. मी त्याच्या हातावर फटका मारला. तो माझ्याकडं बघतच राहिला. मला समजावून सांगायला वेळ नव्हता.

मुलांना त्या दिवशी फार मजा आली. गाडी निवेस्तोवर त्यांनी कडुनिंबाखाली लंगडी घातली, माझ्या बाटलीतलं पाणी संपवलं, आणि गाडी थंड झाल्यावर रेडिएटरमध्ये पाणी ओतून मी सगळ्यांना घरोघर पोचवलं. पण एका मुलानं घरी जाऊन सांगितलं, मावशीची गाडी पेटली आणि मावशीनं एका काकांना मारलं. संध्याकाळपर्यंत आयांच्या ग्रुपवर आग विझवायला बंब आला होता आणि मारामारीत पोलीसही आले होते. मी फोन बंद करून भाकरी थापत बसले.

दिवेलागणीला त्या मुलांपैकी एकाची आई घरी आली. बँकेत नोकरी करणारी, शांत बाई. सगळ्या आयांच्या वतीनं तीच बोलते. दारात चप्पल काढून आत आली, ह्यांना नमस्कार केला, पाणी घेतलं.

"ताई, तुमच्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही," ती म्हणाली. "पण गाडीचं काहीतरी बघा. आणखी एकदा असं झालं तर आम्ही सगळ्या मिळून दुसरी व्हॅन लावणार आहोत. पोरं आहेत आत."

राग आला का? आला. पण तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, फक्त इतकं गोड बोलले नसते. एप्रिलमध्ये एक घर सुटलं की जूनमध्ये चार सुटतात, हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. आणि पोरं गेली म्हणजे व्हॅन गेली, व्हॅन गेली म्हणजे घर पुन्हा न्हाणीतल्या त्या सकाळपाशी. ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, उद्या मिस्त्रीकडं नेते. ते काहीतरी बोलायला लागले होते. मी तोवर भांडी घासायला उठले होते.

आमचे मिस्त्री वयस्कर, ह्यांच्या ट्रकच्या दिवसांपासूनचे ओळखीचे. गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिन चालू ठेवून बराच वेळ कान देऊन उभे राहिले. गाडी तापत होती, पण रेडिएटरमागचा पंखा फिरत नव्हता. त्यांनी पंख्याची वायर थेट बॅटरीला लावून बघितली. पंखा भर्रकन फिरला.

"पंखा अच्छा है भाभी," ते म्हणाले. "उसका स्विच गया. डायरेक्ट करतूं. फिकर नक्को करो."

हा स्विच म्हणजे एक छोटं बटण. रेडिएटरमधलं पाणी ठरावीक गरम झालं की ते आपोआप पंखा सुरू करतं. आता बटण काढून पंखा कायमचाच चालू. किल्ली फिरवली की भर्र. मला त्या आवाजानं धीर आला. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी शेवटच्या मुलाला सोडून रिकामी परत येत होते. रस्ता मोकळा, वारा येतोय, पंखा फिरतोय, आणि तरी सीट तापली, काटा वर. मुलं नव्हती हे माझं नशीब. एका बंद दुकानाच्या सावलीत गाडी लावून मी बसून राहिले. ओळखीचं कुणी बघत नाही ना, म्हणून दोन्हीकडं बघून घेतलं. गाडी तापलीय यापेक्षा ती कुणाला दिसेल याची धास्ती जास्त, असे ते दिवस.

मिस्त्री म्हणाले, मग थर्मोस्टॅट. ती एक झडप. सकाळी इंजिन गार असताना ती पाणी अडवून धरते आणि तापलं की सोडते. त्यांचं म्हणणं, ती अर्धीच उघडत असणार, काढूनच टाकू. "सोलापूर में उसका क्या काम? इधर तो हवाच गरम है." बोलणं मला पटलं. गमतीदार बोलणं मला नेहमीच लवकर पटतं, हा माझा दुसरा दोष. झडप काढली. आता सकाळी गाडी लवकर तापेना, पहिली दोन घरं होईपर्यंत ठसके देत चालायची. मुलं म्हणायची, मावशी, गाडीला सर्दी झाली. आणि दुपारी काटा पुन्हा लाल रेघेकडं. मी त्या दिवशी चौकाच्या अलीकडंच गाडी उभी केली, मुलांना म्हटलं, चला, पेरू खाऊ. पेरू खाऊन होईस्तोवर गाडी निवली. कुणालाही काही कळलं नाही. पण रोज पेरू कुठून आणणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आमचं चाललं होतं.

शनिवारी दुपारी मिस्त्री स्वतःच घरी आले. त्यांनाही ती गोष्ट लागून राहिली होती. गाडी दारात उभी होती, नुकतीच बंद केलेली. ते खाली वाकले, गाडीच्या पोटाखाली हात घातला आणि रेडिएटर बोटांनी चाचपत गेले. वरचा भाग चटका बसेल इतका गरम. खालचा भाग माठासारखा गार. मलाही हात लावून बघायला सांगितलं. खरंच, एकाच वस्तूचे दोन भाग, एक चैत्रातला, एक पौषातला. मिस्त्री म्हणाले, आत कुठंतरी चोंदलंय, गरम पाणी खालपर्यंत उतरतच नाही. पंख्याचा स्विच खालच्या बाजूला होता. त्याला गरम पाणी कधी लागलंच नाही, मग तो पंखा सुरू करणार कसा? बिचारा स्विच चांगलाच होता. मिस्त्रींनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

हे दारातल्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. चोंदलंय म्हटल्यावर त्यांनी काठी टेकली, उठायला बघितलं आणि म्हणाले, "भ... भ..."

माझ्या हातात फोन. ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, सोमवारी व्हॅन येणार की रिक्षा बघू?

"भं..." हे पुन्हा.

"साकु," मी म्हटलं. कानडीत साकु म्हणजे पुरे. माहेरची भाषा. मी घाईत असले की तोंडात तीच येते. "मग बोलू. आधी ग्रुपवर उत्तर देऊ दे." ते खाली बसले. मी ग्रुपवर लिहिलं, सोमवारी व्हॅन येणार, ठरल्या वेळेला. लिहून टाकलं खरं. रेडिएटर अजून गाडीतच होता.

मिस्त्रींनी तो काढून दिला, आणि रविवारी सकाळी गोणपाटात गुंडाळून स्कूटीवर पुढ्यात ठेवून मी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडं गेले. एका गाळ्यात बसतो, गाळ्याबाहेर पाण्याचा मोठा हौद. रविवार असूनही दुकान उघडं ठेवलं ते मिस्त्रींच्या शब्दाखातर. त्यानं रेडिएटरचं वरचं झाकण आच देऊन सोडवलं, आत डोकावला. मग पितळी पत्र्यावरून बोट फिरवून ते मला दाखवलं. बोटावर पिवळा लगदा.

"आक्का," तो म्हणाला, "ह्यात पिठलं करालाव काय?"

मी पुढं होऊन बघितलं. त्या बारीक बारीक नळ्यांची तोंडं पिवळ्या घट्ट थरानं बुजली होती. पिठलंच. वर थोडं करपलेलंसुद्धा. त्यानं सांगितलं, रेडिएटर गळायला लागला की जुने ट्रकवाले त्यात चिमूटभर हळद टाकायचे. हळद जाऊन भोकाशी बसते, गळती थांबते, गाडी मुक्कामाला पोचते. पण ही हळद नव्हे.

"हळद अशी शिजत न्हाई," तो लगदा चिमटीत चोळत म्हणाला. "हे पीठ हाय. रंग घातलेलं. गळती थांबली बघा, हितं, ह्या जोडाला. पन सगळंच थांबलं की."

तारेचे गज घालून तो एकेक नळी मोकळी करायला लागला. मी गाळ्यासमोरच्या दगडावर बसून विचार करत होते. मिस्त्रींनी टाकलं असेल? मग ते थर्मोस्टॅटपर्यंत कशाला गेले असते? दुसऱ्या व्हॅनवाल्यांपैकी कुणी? आमच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहणाऱ्यांत एकदोघे असे आहेत की माझ्या टायरमधली हवा गेली तर त्यांना गोड झोप लागेल. माझं डोकं तापायला लागलं. सोमवारी फाटकाशी कुणाची गचांडी धरायची हेसुद्धा मी ठरवून ठेवलं. मग मनात आलं, सीटखाली रोज हात घालू शकेल असं बाहेरचं कुणी नाही.

घरी आले ती सरळ स्वयंपाकघरात. हळदीचा डबा काठोकाठ भरलेला, आठवड्यापूर्वी मीच भरला होता. जरा बरं वाटलं. हातपाय धुऊन देवापुढं दिवा लावायला गेले. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे, ह्यांच्याकडचा. ह्यांचं घर मूळ मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. त्यांच्यात भंडारा म्हणजे नुसती पिवळी पूड नव्हे. लग्नाला, बाळंतिणीला, नव्या घराला, मेंढरं चारायला लांब निघाली तर त्यांनाही तो लागतो. आमची नणंद दर वर्षी जत्रेतून पुड्यांवर पुड्या आणून देते, वर्षभर पुरून उरतात. भंडाऱ्याची पितळी वाटी देवासमोर नेहमी भरलेली असते.

वाटी पुसून लख्ख. रोजच्या घाईत माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. मी देव्हाऱ्याखालचा कप्पा उघडला. नणंदेनं आणलेल्या पुड्यांचे रिकामे कागद एकावर एक, नीट घड्या घालून ठेवलेले. रिकाम्या कागदाची घडी घालणारा आमच्या घरात एकच माणूस आहे.

मी ते कागद घेऊन बाहेर आले आणि ह्यांच्या मांडीवर टाकले. हे काय, असं विचारलं. खरं म्हणजे विचारलं नाही, ओरडले. मराठीत ओरडले, कानडीत ओरडले. पोरं जातील, व्हॅन जाईल, मी कुठं कुठं हात जोडत फिरले, आणि तुम्ही देवाचा भंडारा इंजिनात घालताय? मला लगेच वाईट-बिईट वाटलं असं मी सांगणार नाही. मी आधी पोटभर भांडून घेतलं.

ते थांबले. माझं संपलं याची खात्री झाल्यावर म्हणाले, "गळत... हुतं."

"कधीपासनं?"

"सं... संक्रांत."

"संक्रांतीपासून? आणि मला सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी डावा हात वर केला. रस्त्यावर पुढच्या गाडीला थांब म्हणून करतात तसा. आणि तो खाली न घेता, एकेक शब्द उचलत म्हणाले, "सांगतोच... की. मी... बोलंस्तवर... तू गिअर... टाकतीस."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. तुळशीपाशी, फरशीवर. बाकीचं त्यांनी सांगितलं त्याला बराच वेळ लागला, आणि मी मधे बोलले नाही. सकाळी मी डबे भरायच्या गडबडीत असते, हे काठी टेकत व्हॅनपर्यंत जातात. फरशीवर पाण्याचे थेंब दिसले. दुसऱ्या दिवशीही दिसले. हात चालत नाही, पाना धरता येत नाही, वाकून बघता येत नाही. मला हाक मारली की मी म्हणते, मग. ट्रकवर असताना अशी गळती त्यांनी कितीदा हळदीवर भागवली होती. पण माझ्या डब्यातली हळद कमी झाली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मग भंडारा घेतला. तोही हळदच, असं त्यांना वाटलं. त्यांच्या लहानपणी होतीच. आता भंडारा म्हणून बाजारात रंगवलेलं पीठ विकतात हे त्यांना कुठून माहीत असणार? दर ऐतवारी गाडी गार असताना, डाव्या हातानं सीट उचलून, डाव्याच हातानं टाकायचे.

"अंदाज... येत न्हाय," ते आपल्या डाव्या हाताकडं बघत म्हणाले. "लई... पडायचं."

"आणि मी विचारलं असतं तर?"

"देवाचं... हाय म्हनलं. गळतीबी... थांबंल. अन... पोरं... हायती आत."

तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. बँकेतल्या त्या बाईनं म्हटलेलंच वाक्य, पण तिला ते बोलता आलं, ऐकून घ्यायला मी होते. ह्यांना तेच म्हणायला संक्रांतीपासून चैत्र उजाडला. एका घरात दोघं त्याच एका व्हॅनची काळजी करत होतो, आणि माझी काळजी इतकी मोठ्यानं चालली होती की त्यांची ऐकूच आली नाही. मी कागद गोळा केले. जेवायला वाढलं.

संध्याकाळी रेडिएटर परत आला. जोडाला नवा डाख देऊन, हवा भरून हौदात बुडवून बघितला होता, एक बुडबुडा आला नाही. मिस्त्री बसवायला आले. ह्यांनी खुर्ची गाडीपाशी ओढायला लावली आणि मिस्त्री काय करतात ते बघत बसले. मिस्त्री पाने गुंडाळायला लागले तेव्हा हे म्हणाले, "झ... झ..." मिस्त्री थांबले, मीही थांबले. "झडप. लाव." मिस्त्रींनी सोलापूरच्या हवेबद्दल पुन्हा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. थर्मोस्टॅट परत बसवला. पंख्याचा स्विचही जागेवर गेला. नळाच्या पाण्याऐवजी या वेळी हिरवं कूलंट भरलं. खाली फरशीवर मी एक जुना पेपर पसरून ठेवला. सकाळी तो कोरडा होता.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी ती बँकेतली बाई फाटकाशी उभी. हाफ डे टाकून आली होती. "ताई, आज मी पण येते तुमच्याबरोबर, घरापर्यंत," म्हणाली. मला कळलं. परीक्षा मुलांची तोंडावर होती, माझी त्याच दिवशी. ती मागं मुलांमध्ये दाटीवाटीनं बसली. पुढच्या सीटवर हे होते. सकाळी मीच त्यांना म्हटलं होतं, चला, काट्यावर नजर ठेवायला माणूस पाहिजे. काटा मलाही दिसतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

ऊन असं की डांबर मऊ झालेलं. आसरा पुलाच्या तोंडाशी नेहमीप्रमाणं गाड्या तुंबलेल्या. मी थांबले. सीट कोमट. काटा हळूहळू वर सरकला, मधल्या रेघेवर आला. मागं मुलांचा गलका, त्यात त्या बाईचा आवाज नाही. काटा आणखी जरासा वर गेला. आणि खालून पंखा सुरू झाला, भर्र, आपला आपण. थोड्या वेळानं काटा मागं आला. पंखा थांबला.

पुढची रांग हलली. मी क्लच दाबला, गिअरवर हात ठेवला, तेवढ्यात हे म्हणाले, "रोज..."

त्यांचं तोंड माझ्याकडं वळलं होतं. ओठ पुढचा शब्द शोधत होते. समोर रस्ता मोकळा झाला होता, आणि मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला. मग रिक्षानं दिला, मग सगळ्यांनीच.

"रोज... स..." दोर सुटला. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. "रोज..."

"ताई, सुटलं की पुढचं," मागून ती बाई म्हणाली. "जाऊ या ना."

"थांबा," मी म्हटलं. "हे बोलतायत."

टेम्पोवाला बाजूनं जाताना खिडकीतून काहीतरी बोलून गेला.

"रोज... सकाळी... पानी... मी... बगत जाईन," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं, आणि मग गिअर टाकला.